सूप, सुकट आणि रूपांतराचा प्रश्न

पाककृतींच्या लेखनात 'घरच्या घरी' हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो. वृत्तपत्राची पुरवणी असो, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम असो की भ्रमणध्वनीवर फिरणारी चित्रफीत असो, जगातला कोणताही पदार्थ घरच्या घरी होतो असे आश्वासन त्यातून मिळते. हे घर कोणाचे, ते कोठे आहे, त्यात कोण शिजवते आणि भिंतीपलीकडे कोण राहते, हे प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आम्ही हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणारे प्राध्यापक. पाकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण भाषांतर हा आमचा विषय आहे, आणि परक्या मुलखातला पदार्थ आपल्या चुलीवर आणणे हे एक प्रकारचे भाषांतरच होय. म्हणून चीनमधल्या एका अतिशय खर्चिक समुद्री सुपाच्या निमित्ताने काही मते मांडत आहोत. वाचकांना ती पटावीत असा आग्रह नाही. वर्गात त्यांची चर्चा व्हावी एवढी अपेक्षा आहे.

या सुपाचे नाव 'फो थ्याव छ्यांग'. शब्दशः अर्थ, बुद्ध भिंतीवरून उडी मारतो. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूज्यान प्रांतातले फूजौ हे त्याचे गाव. शार्क माशाचे पर, समुद्रकाकडी, ॲबलोनी नावाच्या शिंपल्यातले मांस, वाळवलेले स्कॅलप, माशाचा वाळवलेला फुगा, कोंबडी, बदक, डुकराचे पाय व स्नायू, मुरवलेले मांस, लाव्याची किंवा कबुतराची अंडी, अळिंबी, बांबूचे कोंब आणि शाओशिंग नावाचे भाताचे मद्य, इतका ऐवज एका पदार्थात जातो. परंपरागत यादी अठरा मुख्य व बारा दुय्यम जिनसांची सांगतात. समुद्रातले बहुतेक जिन्नस वाळवलेले असतात. काही एका रात्रीत भिजतात, तर समुद्रकाकडीला पाणी बदलत काही दिवस द्यावे लागतात. प्रत्येक जिन्नस वेगळा शिजवायचा, मग मद्याच्या मातीच्या बरणीत त्यांचे थर लावायचे, बरणीचे तोंड कमळाच्या पानाने बंद करायचे आणि मंद आचेवर कित्येक तास ठेवायचे. झाकण जेवणाऱ्यांसमोर उघडतात. सुगंध आधी येतो आणि सूप नंतर.

त्याची जन्मकथा आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. छिंग राजवटीच्या अखेरच्या काळात, क्वांगश्यू सम्राटाच्या कारकिर्दीत (१८७५–१९०८), फूजौतील एका सरकारी अधिकाऱ्याने वरिष्ठाला घरी मेजवानी दिली. त्याच्या पत्नीने कोंबडी, बदक आणि डुकराचे मांस मद्याच्या बरणीत एकत्र शिजवले. पाहुण्याला ते इतके आवडले की त्याने आपल्या स्वयंपाक्याला, चंग छुन्‌फाला, ती कृती शिकून घ्यायला पाठवले. या स्वयंपाक्याने त्यात समुद्री जिनसांची भर घातली आणि पुढे 'जू छुन युआन' या भोजनगृहातून ती कृती प्रसिद्ध केली. आख्यायिका म्हणून ही कथा सोडून दिली तरी तिच्यातला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. कृती भोजनगृहात जाण्यापूर्वी घरात जन्मली, आणि घरात जन्मली तोवर तिच्या कर्तीला नाव नव्हते. अधिकाऱ्याची पत्नी एवढीच तिची ओळख उरली. स्वयंपाक्याचे नाव मात्र टिकले.

योगायोग असा की क्वांगश्यू सम्राट गादीवर आला त्याच १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठीतील आरंभीचे छापील पाककृतींचे पुस्तक निघाले. त्या नावातले 'सूप' म्हणजे आजच्या उपाहारगृहातले सूप नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचा शिजवलेला रस, आपले वरण. सूपकार म्हणजे आचारी. त्यावरून सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्र. मराठीत सूप म्हटले की धान्य पाखडण्याचे साधन आठवते. इंग्रजीमार्गे आलेले सूप या दोहोंच्या नंतरचे. आमच्या गावातल्या विद्यार्थ्याला विचारले तर तो चौथाच अर्थ सांगेल. त्याच्यासाठी सूप म्हणजे संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर मिळणारे, वर तळलेल्या नूडल्स टाकलेले, मक्याच्या पिठाने दाट केलेले 'मंच्याव'. हे सूप चीनमध्ये कोणी ओळखत नाही. कोलकात्यातल्या आणि मुंबईतल्या चिनी स्वयंपाक्यांनी भारतीय जिभेसाठी जी एक नवी पाकपरंपरा उभी केली, तिचे ते अपत्य आहे. मंच्यावला आम्ही नावे ठेवत नाही. त्याची आठवण ठेवावी लागेल एवढेच.

आता मूळ प्रश्न. हे फूजौचे सूप हिंगोलीत घरच्या घरी करता येईल काय?

मराठीच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची उत्तरे नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात सापडतील. शेक्सपिअर मराठीत तीन वाटांनी आला. पहिली वाट अनुवादाची. विंदा करंदीकरांनी १९७४ साली 'राजा लिअर' मराठीत आणला तेव्हा राजाला लिअरच राहू दिले आणि मराठी भाषेलाच त्याच्या उंचीपर्यंत न्यायचा प्रयत्न केला. दुसरी वाट रूपांतराची. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला; नावे, वेष, मुलूख सगळे बदलले आणि नाटक इथल्या रंगभूमीवर रुजवले. तिसरी वाट शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ची. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात लिअरचे बीज आहे, पण झाड सर्वस्वी इथल्या मातीतले आहे, आणि म्हणून त्याला लिअरचे नाव लावण्याची गरज पडली नाही. परका पदार्थ घरी करण्याच्याही याच तीन वाटा आहेत, आणि आमच्या मते सध्याचे पाककृतीलेखन या तिन्हींची गल्लत करते. रूपांतर करून त्याला अनुवादाचे नाव देते. शार्कच्या परांऐवजी शेवया, समुद्रकाकडीऐवजी अळिंबी, मद्याऐवजी व्हिनेगर आणि वर मूळ नाव तसेच. झुंझाररावाच्या जाहिरातीवर ऑथेल्लोचे नाव छापण्यासारखाच हा प्रकार आहे.

पहिली वाट, म्हणजे शब्दशः अनुवादाची, आपल्याला मुळातच बंद आहे. केवळ पैशामुळे नव्हे, कायद्यामुळे. समुद्रकाकडीच्या सर्व जाती २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच तिला. शार्कच्या काही जातीही त्याच वर्षी त्या अनुसूचीत आल्या. पर कापून जिवंत मासा समुद्रात फेकण्याची क्रूर रीत थांबावी म्हणून शार्क परांसह अखंडच किनाऱ्यावर आणावा, असे धोरण २०१३ मध्ये आले आणि परांची निर्यात फेब्रुवारी २०१५ मध्ये बंद झाली. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मुंबईतील शिवडी आणि गुजरातमधील वेरावळ येथून मिळून सुमारे ८,००० किलो पर जप्त केले. खुद्द चीननेही २०१३ च्या डिसेंबरात सरकारी मेजवान्यांतून शार्कच्या परांना बंदी केली. तेव्हा मूळ कृतीतले दोन मानाचे जिन्नस आपल्या घरात येऊ शकत नाहीत आणि येऊही नयेत. यात हळहळण्यासारखे काही नाही.

तिसरा मानाचा जिन्नस, माशाचा फुगा, याची कथा मात्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरूनच सुरू होते. घोळ माशाच्या पोटातला हा हवेचा फुगा. पालघरकडचे मच्छीमार त्याला 'बोत' म्हणतात. २०२१ च्या ऑगस्टअखेर मुरबे येथील एका नौकेच्या जाळ्यात १५७ घोळ सापडले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले, अशी बातमी सर्व वृत्तपत्रांत झळकली. ही किंमत मांसाची नव्हती. ती बोताची होती, आणि बोत वाळवून हाँगकाँग, सिंगापूर, चीन या वाटेने जातो. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला आणि गुजरातने घोळीला राज्यमासा म्हणून घोषित केले. ज्या फुग्याला तिकडच्या सुपात एवढी प्रतिष्ठा, तो इकडच्या भाषेत बाजारभावाच्या बातम्यांतच आपल्याला भेटतो; स्वयंपाकघराच्या शब्दांत क्वचितच. पकडणाऱ्याच्या घरी तो शिजत नाही. कापूस पिकवणाऱ्याने अंगावर काय घालावे, हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पण किंमत आणि चव यांचा संबंध काय? या प्रश्नावर चिनी परंपरेतच एक मोठा समीक्षक होऊन गेला. युआन मेई (१७१६–१७९८) हा छिंग काळातला अग्रगण्य कवी. १७९२ साली त्याने पाककृतींचा एक ग्रंथ सिद्ध केला, आणि त्याच्या आरंभी कृतींऐवजी नियम आणि निषेध दिले. काव्यशास्त्राचा ग्रंथ वाचतो आहोत असे वाटावे, अशी ती प्रकरणे आहेत. कानाने जेवू नये, असा त्याचा एक निषेध आहे. केवळ पदार्थाचे नाव मोठे, जिन्नस महाग म्हणून तो वाढणे म्हणजे कानाने जेवणे. समुद्रकाकडी आणि पक्ष्याचे घरटे यांना तो स्वतःचे व्यक्तित्व नसलेली, दुसऱ्याच्या आधाराने उभी राहणारी सामान्य माणसे मानतो. कोंबडी, डुक्कर, मासा, बदक यांना स्वतःची चव असलेले वीर म्हणतो. चांगले केलेले टोफू त्याला घरट्याच्या सुपापेक्षा वरचे वाटते. आणि तरी आपल्या ग्रंथात त्याने समुद्री पदार्थांचा एक विभाग ठेवला. लोकरूढी आहे म्हणून ठेवतो, असे सांगून ठेवला. याहून आम्हांस मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे आपला आचारी वांग श्याओयू याच्या मृत्यूनंतर त्याने त्याचे चरित्र लिहिले. भाषेतल्या पहिल्या प्रतीच्या कवीने आचाऱ्याचे चरित्र लिहावे, ही घटना मराठीच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारी आहे. आपल्याकडे भीम विराटाघरी बल्लव झाला आणि आचारी 'बल्लवाचार्य' झाला. पण त्या शब्दात आदरापेक्षा विनोदच अधिक उरला.

आता भाषेकडे वळू. हे सूप मराठीत सांगू पाहताच पहिली अडचण विशेषणांची येते. समुद्रकाकडी, शार्कचे पर, माशाचा फुगा या तिन्हींना स्वतःची चव जवळजवळ नाही. चिनी रसिक त्यांत जो आनंद घेतो तो जिभेवरच्या स्पर्शाचा आहे. या स्पर्शासाठी मराठीत शब्द कमी आहेत काय? मुळीच नाहीत. लुसलुशीत, खुसखुशीत, कुरकुरीत, सरसरीत, दाटसर अशी आपली भाषा याबाबतीत श्रीमंत आहे. पण फुग्याचा स्पर्श सांगायचा म्हटले की हाताशी येतात ते बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, चिवट. यांतला एकही शब्द निव्वळ वर्णन करत नाही; प्रत्येकात निकाल आधीच दिलेला आहे. म्हणजे आपले विशेषण स्पर्श सांगण्यापूर्वीच तोंड वाकडे करते. वासाचेही तसेच. 'वास' हा शब्द एके काळी तटस्थ असेल. आज 'वास येतो' म्हटले की नाक मुरडलेच. चांगल्यासाठी आपण सुवास, घमघमाट, दरवळ अशी वेगळी सोय केली. माशासाठी 'वशट' ठेवला. आणि या सगळ्या अन्नाला मिळून आपण जे नाव वापरतो ते तर इंग्रजीतून घेतलेले नकारार्थी नाव आहे, नॉनव्हेज. जे नाही त्यावरून ज्याची ओळख ठरते, असे अन्न भाषेत दुय्यमच राहणार.

शब्दांतला हा निकाल कोणी दिला, हे विचारण्याचे धैर्य आपल्या वर्गात यायला हवे. आपल्या खाद्यलेखनाची परंपरा लहान नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र', कमलाबाई ओगल्यांची १९७० ची 'रुचिरा', दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग', पु. लं.चे 'माझे खाद्यजीवन' ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते, ते कसे वाळवले जाई, कसे पुरवले जाई, याची जिनसवार नोंद मराठीत व्हायला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकापर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या शीर्षकातला 'अ' हा गेल्या काही दशकांतला मराठी समीक्षेतला एक मोलाचा उपसर्ग आहे, असे आम्ही मानतो. १९७८ च्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनांत अन्न येत होतेच. ते भुकेच्या, अवहेलनेच्या प्रसंगांत येत होते. पाटोळ्यांनी त्याला पाककृतीचा दर्जा दिला. भूक करुणा मागते. पाककृती कौशल्याची दखल घ्यायला लावते. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली निघाला आणि त्यानंतर काही मराठी वाचकांना मूळ पुस्तक आठवले, याविषयी अधिक न बोलणे बरे.

आता सुकटीची आणि फूजौच्या बरणीची गाठ पडते ती अशी. समुद्र हिंगोलीपासून सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांच्या पलीकडे. आमच्याकडचा ताजा मासा म्हणजे इसापूर, सिद्धेश्वर, येलदरी या जलाशयांतला रोहू, कटला, मरळ. समुद्र आमच्यापर्यंत पोचतो तो वाळूनच. आठवडी बाजारात एका कडेला पोत्यावर मांडलेली सुकट आणि बोंबील हाच आमचा अरबी समुद्र. चीनमध्येही समुद्री जिन्नस आतल्या मुलखात वाळवूनच गेले. तत्त्व एकच. वाळवल्याने मासा टिकतो आणि त्याची चव एकवटते. तो पाण्यात परतला की थोडक्यात पुष्कळ रस देतो. तेच तंत्र, तेच मीठ, तेच ऊन. पण तिकडे वाळवलेला समुद्र मेजवानीच्या अग्रस्थानी गेला आणि इकडे बाजाराच्या कडेला बसला. हा फरक चवीचा नाही. कोण खातो त्यावरून पदार्थाची पायरी ठरवण्याच्या सवयीचा तो आहे.

त्या सुपाच्या नावातली भिंतही इथे वेगळी दिसू लागते. कथा अशी की बरणी उघडताच सुगंध शेजारच्या विहारात गेला आणि ध्यानस्थ, शाकाहारी भिक्खू भिंत ओलांडून आला. मूळ नाव 'फू शौ छुआन', सुख आणि दीर्घायुष्याची पूर्तता अशा अर्थाचे, होते. फूजौच्या बोलीत दोन्ही नावांचे उच्चार जवळचे असल्याने नवे नाव रूढ झाले, असेही सांगतात. हे नाव मराठीत कसे आणावे? आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी बुद्धाची तसबीर असते. तिकडे जो खेळकर अतिशयोक्त अलंकार आहे, तो इथे शब्दशः आणला तर चेष्टा वाटू शकतो. मुळात अभिप्रेत आहे तो विहारातला साधू. म्हणून 'भिक्खूची उडी' हा अनुवाद आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. शिवाय मांस न खाणे हा चिनी भिक्षुसंघाचा नियम. स्वतः बुद्धाच्या काळी काय होते याची चर्चा धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात केली आणि त्यावरून मोठा वादही झाला. तेव्हा नावाच्या एका शब्दामागे केवढा इतिहास उभा असतो, हे विद्यार्थ्याला दाखवायला हे नाव उत्तम आहे.

आपल्या परंपरेत भिंत चालते. चांगदेवाला भेटायला ज्ञानदेव ती चालवत नेतात. फूजौच्या कथेत भिंत जागीच राहते आणि भिक्खू ती ओलांडतो. आमच्या गावांत तिसराच प्रकार घडतो. सुकट भाजली की तिचा वास लपत नाही. तो भिंत ओलांडतो, आणि थोड्या वेळाने पलीकडून घरमालक येतो. शिकण्यासाठी खेड्यातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आलेल्या कितीतरी मुलामुलींनी खोली मिळवताना 'आम्ही खात नाही' असे सांगितलेले असते. जे घरी रोज शिजते ते 'खात नाही' म्हणून सांगणे ही छोटी गोष्ट नाही. असा विद्यार्थी पुढे निबंध लिहितो तेव्हा त्यात आईच्या हातची पुरणपोळी येते. सुकटीची चटणी येत नाही. आम्ही अनेक वर्षे असे निबंध तपासत आलो आहोत. भाषा शुद्ध असते, घर कोणाचे ते कळत नाही.

मग घरच्या घरी काय करावे? आम्ही तिसरी वाट घेतली. बीज तिकडचे, झाड इकडचे. अर्धा किलो गावरान कोंबडी हाडांसह आणि शेकून साफ केलेले दोन पाये तीन लिटर पाण्यात ठेवायचे. पाण्याला खळखळून उकळी फुटू द्यायची नाही. उकळले की रस गढूळ होतो. वर येणारा फेस काढत राहायचा. असे तीन तास. रोहूचे डोके थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतून शेवटच्या अर्ध्या तासाला त्यात सोडायचे. दोन मुठी सुकट निवडून, कोरडी भाजून, धुऊन, फडक्याच्या पुरचुंडीत बांधायची. सोडे मिळाले तर मूठभर भिजवून घ्यायचे. मग रस गाळून मातीच्या हंडीत घ्यायचा. त्यात कोंबडीचे मांस, पुरचुंडी, सोडे, आल्याचे चार काप आणि कांद्याची पात घालायची. झाकण कणकेने बंद करून निखाऱ्यावर तासभर ठेवायचे. मीठ चाखून शेवटी, कारण सुकटीत ते असतेच. हळद, येसर, काळा मसाला यांतले काही घालायचे नाही. ज्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हळदीवाचून मासा शिजवणे हे थोडे धाडसच. पण युआन मेईचा वीर जर स्वतःच्या पायावर उभा राहायचा असेल तर त्याला मसाल्याचे चिलखत नको.

हे फूजौचे सूप नव्हे. ते तसे आहे असे आम्ही म्हणणारही नाही. यासाठी 'सूप' हा शब्दही नको. सार, कढण, कट, अळणी असे पातळ रसाचे इतके शब्द आपल्याकडे आहेत. आजाऱ्याला मसाल्यावाचून दिल्या जाणाऱ्या मटणाच्या पाण्याला आपण अळणी म्हणतोच. आम्ही याला 'सुकटीचे सार' म्हणतो. 'सार' या शब्दात रसही आहे आणि तात्पर्यही आहे. नावात कोणाची उसनवारी नाही.

यावर येऊ शकणारे दोन आक्षेप नोंदवले पाहिजेत. पहिला असा की पाककृती हे साहित्य नव्हे, मग मराठीच्या वर्गात तिचे काय काम? आमचे उत्तर असे की पाककृती साहित्य आहे की नाही हे बाजूला ठेवले, तरी ती भाषा नक्कीच आहे. आज्ञार्थ, कालक्रम, परिमाण, शब्दांत दडलेले मूल्यनिर्णय आणि अध्याहृत वाचक या साऱ्यांचा अभ्यास तिच्यात होतो. 'चवीपुरते' या एका शब्दात लेखक वाचकावर केवढा विश्वास टाकतो! बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मासे पकडण्यावर आणि शिजवण्यावर सविस्तर लिहिले, ते आपण इतिहासाचे साधन म्हणून मान्य करतो. मग आपल्या विद्यार्थिनीच्या आजीची कृती साधन का नसावी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबीच्या अन्नाला असे मिरवणे म्हणजे गरिबीचे सौंदर्यीकरण नव्हे काय? धोका खरा आहे. उद्या एखाद्या शहरातल्या उपाहारगृहात सुकटीचे सार चिनी मातीच्या वाडग्यात, मोठ्या किमतीला मिळू लागेल आणि गावातल्या मुलीला खोली तरीही मिळणार नाही. तसे झाले तर तो कानाने जेवण्याचाच नवा प्रकार होईल. म्हणून पदार्थाची प्रतिष्ठा वेगळी काढून चालणार नाही. ती शिजवणाऱ्याच्या प्रतिष्ठेसह यायला हवी. वांग श्याओयूचे नाव त्याच्या मालकाने लिहून ठेवले. फूजौच्या त्या पत्नीचे नाव कोणी लिहिले नाही. आपण कोणत्या बाजूचे लेखन करणार, एवढाच प्रश्न आहे.

तूर्तास एक साधी सूचना. भाषांतराच्या तासाला एखादी परक्या मुलखातली पाककृती द्यावी आणि तिच्या जोडीने विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातली एक कृती लिहून आणावी. अट दोनच. शिजवणारीचे पूर्ण नाव कृतीच्या वर असावे. आणि जे शिजते तेच लिहावे. पहिल्या वेळी वर्गात बहुधा पुरणपोळ्याच येतील. वाट पाहावी. सुकट भिजायला फार वेळ लागत नाही.